संगणक प्रणालीची चाचणी : आधी आराखडा, मग परीक्षा

(शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या जिल्हास्तरीय प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक शंका आली असेल. संगणक प्रणालीची चाचणी हा अभियंत्यांचा विषय. तो तलाठ्याने, मुख्याध्यापकाने किंवा सरपंचाने ऐकण्याचे प्रयोजन काय? शंका रास्त आहे. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर असून शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. आज्ञावली लिहिणे हे नव्हे. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे की, प्रणाली चुकली तर तिचा फटका ती तयार करणाऱ्याला क्वचितच बसतो. तो खिडकीसमोर उभ्या असलेल्या नागरिकाला बसतो आणि त्याला उत्तर द्यावे लागते ते खिडकीच्या आत बसलेल्या आपल्याला. दुसरे असे की, प्रणाली चुकू नये म्हणून चाचणीची जी एक पद्धतशीर रीत जगात विकसित झाली आहे, तिच्यात कामाचे नियम जाणणाऱ्या माणसाचा, म्हणजेच आपला, वाटा फार मोठा आहे. या रीतीला प्रतिमानाधिष्ठित चाचणी असे म्हणता येईल. नाव जड आहे. कल्पना मात्र सोपी आहे.

आठ सेकंदांची गोष्ट

प्रारंभी एक सत्य घटना सांगतो. कॅनडातील अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या कंपनीने कर्करोगावरील किरणोपचारासाठी थेरॅक-२५ नावाचे यंत्र तयार केले होते. कॅनडा व अमेरिका या दोन देशांत मिळून अशी ११ यंत्रे बसविण्यात आली. या यंत्राने दोन प्रकारचे उपचार करता येत. एका प्रकारात इलेक्ट्रॉनचा सौम्य झोत थेट रुग्णावर सोडला जाई. दुसऱ्या प्रकारात अतिशय तीव्र झोत एका धातूच्या लक्ष्यावर आदळवून त्यातून क्ष-किरण निर्माण केले जात. तीव्र झोत सुरू असताना ते लक्ष्य मध्ये नसेल तर काय अनर्थ होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आधीच्या यंत्रांत असा अनर्थ टाळण्यासाठी स्वतंत्र यांत्रिक अटकाव होते. थेरॅक-२५ मध्ये ही जबाबदारी मुख्यतः संगणक प्रणालीवर सोपविण्यात आली.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्राकडून सहा रुग्णांना किरणांची प्रचंड अतिमात्रा दिली गेली. त्यांपैकी किमान तिघांचा त्यामुळे मृत्यू झाला. टेक्सास राज्यातील टायलर या गावी मार्च व एप्रिल १९८६ मध्ये जे दोन अपघात झाले, त्यांचा उलगडा आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. यंत्र चालविणारी कर्मचारी अत्यंत सराईत होती. तिने चुकून क्ष-किरणांचे अक्षर टंकित केले. चूक लक्षात येताच ती मागे गेली, इलेक्ट्रॉनचे अक्षर टाकले आणि पुढचे काम सुरू केले. यात गैर काहीच नव्हते. परंतु यंत्रातील चुंबक जागेवर बसण्यास सुमारे आठ सेकंद लागत आणि तेवढ्या अवधीत केलेली दुरुस्ती प्रणालीच्या एका भागाला कळत नसे. पडद्यावर इलेक्ट्रॉन उपचार दिसत होता. प्रत्यक्षात मात्र लक्ष्य मध्ये नसताना तीव्र झोत सुरू झाला. रुग्णाला ठरविलेल्या मात्रेच्या सुमारे शंभरपट किरण मिळाले.

निर्मात्यांना प्रारंभी हा दोष पुन्हा घडवून दाखविता आला नाही. अखेर रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि ती कर्मचारी या दोघांनी मिळून तो घडवून दाखविला. त्याचे रहस्य होते टंकनाच्या वेगात. सावकाश, जपून टंकन करणाऱ्या परीक्षकाला दोष दिसत नव्हता. रोज तेच काम करून हात बसलेल्या माणसालाच तो दिसत होता. जानेवारी १९८७ मधील अखेरच्या अपघाताचे कारण तर याहून विलक्षण होते. प्रणालीतील एक गणक २५५ पर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येत असे आणि तो शून्यावर असताना एक सुरक्षा तपासणी वगळली जाई. नेमक्या त्या क्षणी बटण दाबले गेले.

वहिवाटेच्या चाचणीची मर्यादा

या यंत्राची चाचणी झालीच नव्हती काय? झाली होती, आणि ते पुष्कळ रुग्णांवर बिनचूक चालतही होते. मग दोष सुटला कसा? याचे उत्तर चाचणीच्या रूढ पद्धतीत आहे. सामान्यतः परीक्षक काही प्रसंग कल्पून लिहून काढतो: अर्ज भरला, रक्कम टाकली, पावती मिळाली, ठीक. चुकीची रक्कम टाकली, सूचना आली, ठीक. असे पन्नास किंवा शंभर प्रसंग झाले की चाचणी संपली असे मानले जाते. हे प्रसंग परीक्षकाला सुचले म्हणून यादीत आले. जे सुचले नाहीत ते यादीत नाहीत, आणि ते नाहीत हे यादी पाहून कळतही नाही.

नेदरलँड्सचे थोर संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ च्या सुमारासच बजावले होते की, चाचणीने दोष आहेत हे सिद्ध करता येते, दोष नाहीत हे सिद्ध करता येत नाही. ही मर्यादा कायमची आहे. मात्र चाचणी अंधारात करावयाची की उजेडात, हे आपल्या हाती आहे.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. एखाद्या नवख्या माणसाला गावाची शिवारफेरी करण्यास सांगितले, तर तो पायवाट नेईल तिकडे जाईल. दिवसभर फिरूनही तो रोजच्या वहिवाटेच्या रस्त्यानेच हिंडेल आणि ओढ्यापलीकडचा तुकडा त्याच्या पायाखाली कधी येणार नाही. त्याच माणसाच्या हाती गावनकाशा दिला, तर संध्याकाळी तो निश्चितपणे सांगू शकेल की अमुक गट पाहिले आणि अमुक राहिले. फिरण्याचे श्रम तेच. परंतु काय राहिले याचे ज्ञान नकाशामुळे होते. प्रतिमानाधिष्ठित चाचणी म्हणजे अशी नकाशा हाती घेऊन केलेली शिवारफेरी होय.

प्रतिमान म्हणजे काय?

प्रतिमान म्हणजे प्रणालीने कसे वागावे याचा नेमका, संक्षिप्त आणि संदिग्धता नसलेला आराखडा. तो अनेक प्रकारे काढता येतो. त्यांतील सर्वांत सुबोध प्रकार अवस्था आणि स्थित्यंतरे यांचा आहे. कोणतेही काम एखाद्या क्षणी कोणत्या ना कोणत्या अवस्थेत असते. एखादी घटना घडली की ते एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते. अवस्थांसाठी वर्तुळे आणि स्थित्यंतरांसाठी बाण काढले की चित्र तयार झाले. मर्यादित अवस्थांच्या अशा यंत्रांची बाहेरून परीक्षा कशी करता येईल, याचा विचार एडवर्ड मूर यांनी १९५६ साली मांडला. १९७८ साली टी. एस. चाऊ यांनी हीच पद्धत सॉफ्टवेअरच्या चाचणीस कशी लावता येईल हे दाखविले. तेव्हा ही कल्पना कालपरवाची नाही.

आता महसूल खात्यातील फेरफाराचे उदाहरण घेऊ. हे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहे. प्रत्यक्ष वापरात असलेल्या कोणत्याही प्रणालीचे हे वर्णन किंवा परीक्षण नव्हे. जमिनीवरील हक्कात बदल झाल्याची सूचना येते. तलाठी, म्हणजे आजच्या पदनामाने ग्राम महसूल अधिकारी, तिची नोंद फेरफार नोंदवहीत घेतात. हितसंबंधितांना नोटीस बजावली जाते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते आणि सक्षम अधिकारी सुनावणी करून निर्णय देतात. शेवटी नोंद प्रमाणित होते किंवा नामंजूर होते.

हे कथन पाच-सहा वाक्यांत संपले आणि आपणा सर्वांना ते स्पष्ट वाटले. आता याचे चित्र काढू. ढोबळ मानाने सात अवस्था होतात: सूचना प्राप्त, नोंद झालेली, मुदत चालू, विवादग्रस्त, निर्णयासाठी सिद्ध, प्रमाणित आणि नामंजूर. घटनाही सात धरू: नोंद घेणे, नोटीस बजावणे, हरकत येणे, मुदत संपणे, हरकतीचा निकाल लागणे, प्रमाणित करणे आणि नामंजूर करणे. आपण सांगितलेल्या वाक्यांतून या चित्रात बाण किती निघतात? मोजून सात.

एकोणपन्नास चौकोन

आता एका कागदावर सात ओळी आणि सात रकाने आखा. प्रत्येक ओळ ही एक अवस्था आणि प्रत्येक रकाना ही एक घटना. एकूण ४९ चौकोन झाले. त्यांतील सात चौकोनांची उत्तरे आपल्या कथनात होती. उरलेल्या ४२ चौकोनांविषयी आपण अवाक्षरही काढले नव्हते. प्रणाली मात्र त्या प्रत्येक चौकोनात काहीतरी करणारच. तिने काय करावे हे आपण सांगितले नाही, तर आज्ञावली लिहिणारा तरुण आपल्या अंदाजाने ठरवील. किंवा कोणीही न ठरविता ते आपोआप घडेल.

त्यांतील बरेच चौकोन सरळ आहेत. नोटीस बजावण्यापूर्वी कोणी प्रमाणीकरणाचे बटण दाबले, तर प्रणालीने नकार द्यावा. परंतु काही चौकोन पाहता क्षणीच आपण थबकतो. नोंद प्रमाणित झाली आहे, पण जाळे मंद असल्यामुळे पडदा हलला नाही, म्हणून अधिकाऱ्याने बटण पुन्हा दाबले. तर काय व्हावे? मुदत संपली आहे, निर्णय व्हायचा आहे आणि टपालाने हरकत आजच हाती आली. तर काय व्हावे? एकाच नोंदीवर दोघांच्या हरकती आल्या, एकीचा निकाल लागला आणि दुसरी प्रलंबित आहे. आपल्या चित्रात विवादग्रस्त अशी एकच अवस्था आहे; मग ते प्रकरण पुढे सरकावे की थांबावे? येथे आपले चित्रच अपुरे आहे आणि हरकतींची संख्या त्यात आणली पाहिजे, हे ध्यानात येते.

आणखी एक चौकोन पाहा. अवस्था विवादग्रस्त आणि घटना मुदत संपणे. समजा, वारसांच्या यादीतून नाव गळालेल्या एका बहिणीने दहाव्या दिवशी हरकत नोंदविली आहे. पंधरा दिवस पूर्ण झाले. प्रणालीने केवळ तारीख पाहिली आणि हरकत पाहिली नाही, तर तिची नोंद निर्णयासाठी सिद्ध असलेल्या प्रकरणांच्या यादीत जाऊन बसेल. कामाच्या रगाड्यात त्या यादीतील चाळीस नोंदी एका बैठकीत प्रमाणित होतील आणि त्यांत तिचीही असेल. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. एक चौकोन रिकामा राहिला, एवढेच घडले. टायलर येथे जे झाले त्याचे मूळही याच जातीचे होते: चुंबक बसत असतानाची अवस्था आणि दुरुस्तीची घटना यांचा चौकोन कोणी विचारात घेतला नव्हता.

आराखड्यापासून चाचणीकडे

आराखडा पूर्ण झाला की संगणकाचेच साहाय्य घेऊन त्यापासून चाचणी-प्रसंग तयार करता येतात. साधन आराखड्यातील बाणांवरून चालत जाते आणि प्रत्येक वाटेचा एक प्रसंग तयार करते. किमान अपेक्षा अशी की, प्रत्येक बाण एकदा तरी चालून पाहिला जावा. त्यापुढची पायरी म्हणजे निषिद्ध चौकोनही मुद्दाम तपासणे. त्याहीपुढे लागोपाठच्या दोन घटनांच्या सर्व जोड्या, तिहेरी क्रम आणि शेवटी तासन्‌तास चालणारी स्वैर भ्रमंती. सात घटनांचे पाच-पाच टप्प्यांचे क्रम किती होतात, हे शिक्षक बंधू चटकन सांगतील. सात गुणिले सात असे पाच वेळा केले असता १६,८०७ येतात. इतके प्रसंग हाताने लिहिणे कोणा माणसाला शक्य नाही. संगणकाला ते रात्रभराचेही काम नाही.

येथे आणखी एक सोय होते. केवळ बटणे दाबून भागत नाही. उत्तर बरोबर आले की नाही हेही ठरवावे लागते. प्रत्येक घटनेनंतर कोणती अवस्था यावी हे आराखड्यातच लिहिलेले असल्यामुळे अपेक्षित उत्तर आयते मिळते. साधन प्रणालीचे प्रत्यक्ष उत्तर त्याच्याशी ताडून पाहते आणि तफावत दिसताच ती कोणत्या क्रमाने उद्भवली याची नोंद ठेवते. त्यामुळे दोष पुन्हा घडवून दाखविता येतो. टायलरच्या भौतिकशास्त्रज्ञाला जे अथक प्रयत्नांनी साधावे लागले, ते येथे पद्धतीचाच भाग बनते.

या रीतीचे लाभ

आतापर्यंतच्या विवेचनावरून या रीतीचे लाभ ध्यानात आलेच असतील. तरी ते क्रमाने सांगतो.

पहिला लाभ असा की, दोष लवकर सापडतो. आज्ञावलीची एक ओळही लिहिण्यापूर्वी, केवळ आराखडा काढताना, नियमांतील संदिग्धता आणि विसंगती उघड होतात. कागदावरची रेघ बदलणे सोपे असते. शेकडो कार्यालयांत पोहोचलेली प्रणाली बदलणे खर्चाचे असते आणि त्यातून झालेले नुकसान भरून काढणे कित्येकदा अशक्य असते.

दुसरा लाभ व्याप्तीचा. किती प्रसंग तपासले हा प्रश्न गौण आहे. आराखड्याचा किती भाग तपासला आणि कोणता राहिला, हे निश्चितपणे सांगता येते. प्रणाली स्वीकारताना अधिकाऱ्याला विचारता येण्याजोगा हा एक ठोस प्रश्न आहे.

तिसरा लाभ बदलाच्या वेळी दिसतो. शासनाचे नियम बदलतात, मुदती वाढतात, नवे दाखले जोडावे लागतात. हाताने लिहिलेले हजार प्रसंग असतील, तर त्यांतील कोणते जुने झाले हे शोधण्यातच महिना जातो आणि मग घाईघाईत चाचणी आटोपली जाते. आराखडा असेल तर त्यातील एक बाण बदलावा लागतो. प्रसंग नव्याने तयार होतात.

चौथा लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. आराखडा ही नियम जाणणारा आणि आज्ञावली लिहिणारा यांची समान भाषा बनते. तीनशे पानांचा तांत्रिक अहवाल तलाठी वाचणार नाहीत आणि महसूल संहितेची कलमे अभियंता वाचणार नाही. वर्तुळे आणि बाण मात्र दोघांनाही समजतात.

जगातील अनुभव

हे लाभ केवळ पुस्तकी नाहीत. मोटारीतील निरनिराळे संगणकीय भाग निरनिराळे कारखानदार पुरवितात आणि ते एकमेकांशी जुळावेत म्हणून ऑटोसार नावाचे सामाईक मानक ठरविण्यात आले आहे. स्वीडनमधील व्होल्वो कंपनीसाठी या मानकानुसार बनविलेल्या प्रणालींची तपासणी क्विकचेक या साधनाच्या आधारे करण्यात आली. क्विकचेकची मूळ कल्पना कोएन क्लासेन व जॉन ह्यूज या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केली होती. सुमारे ३,००० पृष्ठांच्या मानकाचे प्रतिमान बनवून अनेक पुरवठादारांच्या आज्ञावली तपासल्या गेल्या, तेव्हा सुमारे २०० त्रुटी आढळल्या. लक्षणीय गोष्ट अशी की, त्यांतील जवळजवळ निम्म्या त्रुटी आज्ञावलींत नव्हत्या, मूळ मानकाच्या मजकुरातच होत्या. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांचाच हात तेथे अडखळला होता. आपण शासकीय परिपत्रके काढणाऱ्या मंडळींनी हे मनात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण ॲमेझॉन कंपनीचे. तेथील अभियंत्यांनी २०११ पासून आपल्या प्रणालींचे आराखडे गणिती भाषेत लिहून ते संगणकाकडून तपासून घेण्यास आरंभ केला. ही पद्धत म्हणजे आपल्या विषयाची सख्खी बहीण होय. तिने त्यांच्या एका माहितीसाठ्याच्या रचनेत असा एक दोष शोधून काढला, जो प्रकट होण्यास ३५ पायऱ्या विशिष्ट क्रमाने घडाव्या लागत होत्या. अनुभवी माणसाच्या तर्काला ३५ पायऱ्यांपलीकडचे दिसणे अशक्य आहे. आपल्या राज्यातही या विचाराला परंपरा आहे. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात प्रतिमानांच्या साहाय्याने आज्ञावली तयार करणे आणि त्यांची पडताळणी करणे या विषयांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

मर्यादांचेही भान हवे

कोणत्याही पद्धतीची केवळ स्तुती करणे हे माहिती देणाऱ्याचे कर्तव्य नव्हे. या रीतीलाही मर्यादा आहेत. आराखडा काढण्यास वेळ लागतो आणि तो काढणाऱ्या माणसास प्रशिक्षण द्यावे लागते. अवस्था वाढत गेल्या की आराखडा इतका पसरतो की संगणकही थकतो; म्हणून कोणता तपशील घ्यावा आणि कोणता गाळावा, याचा विवेक लागतो. पडदा वाचायला सोपा आहे काय, वृद्ध माणसाला बटण सापडते काय, हे आराखडा सांगत नाही. त्यासाठी माणसेच समोर बसवावी लागतात.

सर्वांत मोठी मर्यादा अशी की, आराखडाच चुकला तर त्यावरून केलेली चाचणीही चुकते. युरोपच्या एरियन-५ या अग्निबाणाचे पहिले उड्डाण ४ जून १९९६ रोजी झाले आणि चाळीस सेकंदांच्या आत तो नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतील आज्ञावलीचा एक भाग एरियन-४ या आधीच्या अग्निबाणावरून घेतला होता. तेथे तो निर्दोष चालत असे. नव्या अग्निबाणाचा मार्ग निराळा होता. त्याच्या आडव्या वेगाशी निगडित असलेला एक आकडा इतका मोठा झाला की ठरलेल्या जागेत मावेना आणि यंत्रणा बंद पडली. नव्या मार्गाची माहिती घेऊन त्या यंत्रणेची चाचणीच झाली नव्हती. जुना नकाशा घेऊन नव्या शिवारात फिरण्याचा हा प्रकार होता. म्हणून आराखडा एकदा काढून कपाटात ठेवावयाचा नसतो. नियम बदलला, परिस्थिती बदलली, की तो बदलला पाहिजे.

आपला वाटा

येथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. आराखडा अचूक असावा, तर तो काढताना काम जाणणारा माणूस हजर असला पाहिजे. टपालाने उशिरा येणारी हरकत असते, हे अभियंत्याला कोठून माहीत असणार? ते तलाठ्याला माहीत असते. वर्षाच्या मध्यावर शाळा सोडून गेलेला ऊसतोडणी कामगाराचा मुलगा चार महिन्यांनी पुन्हा त्याच वर्गात येऊन बसतो, तेव्हा पटावरील त्याच्या नावाचे काय करावे, हा प्रश्न शिक्षकालाच सुचतो. ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, तर मंजुरीसाठी ठेवलेल्या लाभार्थींच्या यादीची अवस्था कोणती मानावी, हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाच विचारले पाहिजे. हे प्रसंग अपवादात्मक म्हणून आपण सांगत नाही आणि दोष नेमके तेथेच दडून बसतात.

म्हणून माझी आपणास नम्र विनंती आहे. आपल्या कार्यालयात, शाळेत किंवा पंचायतीत एखादी नवी प्रणाली यावयाची असेल आणि आपले मत विचारले गेले, तर केवळ पडद्याचा रंग आणि अक्षरांचा आकार यांवर अभिप्राय देऊन थांबू नका. एक कोरा कागद मागा. काम कोणकोणत्या अवस्थांतून जाते ते लिहा. कोणकोणत्या घटना घडू शकतात ते लिहा. चौकोन आखा आणि प्रत्येक चौकोनात काय व्हावे हे अभियंत्याबरोबर बसून ठरवा. ज्या चौकोनाचे उत्तर आपल्यालाही माहीत नसेल, तो वरिष्ठांकडे लेखी पाठवा. प्रणाली ताब्यात घेताना विचारा: यांतील किती चौकोन तपासले आणि कोणते राहिले? हा प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आपले काम आपल्याला ठाऊक असणे पुरेसे आहे.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. टायलर गावातील त्या सराईत कर्मचारीने केलेली दुरुस्ती पूर्णपणे योग्य होती. अयोग्य होते ते तिची शक्यता कोणीच विचारात न घेणे. आपल्या दारी येणारा शेतकरी, विद्यार्थ्याचा पालक किंवा निवृत्तिवेतनासाठी आलेली वृद्धा, यांच्यापैकी कोणाचेही काम एखाद्या रिकाम्या चौकोनात अडकू नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. ती घेण्याची संधी प्रणाली तयार होत असतानाच मिळते. नंतर उरते ते केवळ स्पष्टीकरण देणे.

 आता आपल्यापैकी कोणी आपल्याच कामाचे सात चौकोन फळ्यावर आखून दाखविण्यास पुढे आले, तर माझ्या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.